नऊ नंबरची फुंकर

ता. १, शनिवार

पोचले एकदाची. जागा चांगली आहे, उगाच कशाला नाक मुरडू? खोलीला दोन खिडक्या आहेत आणि नळ आत आहे. नळ आत! अठरा वर्षं दवाखान्यात भांडी घासली, तिथल्या बायकांच्या खोलीत नऊ जणींत एक नळ, तोही जिन्याखाली. आज तोंड धुताना दोनदा उघडून बंद केला, खरंच येतंय का बघायला. खिडकीतून द्राक्षांच्या ओळी दिसतात, केस विंचरल्यासारख्या सरळ.

ही वही भिंगरीने दिली. भिंगरी म्हणजे माझी मुलगी. एका जागी म्हणून बसली नाही कधी, तेच नाव पडलं. म्हणते, आई, तू दिवसभर करवादतेस आणि कुणी ऐकत नाही, त्यापेक्षा लिहीत जा. मी चौथीत शाळा सोडलेली. माझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून पळाली. पण ती म्हणाली म्हणून लिहिते.

ती तीस तारखेला येणार. नर्सचं शिक्षण संपलं, इथून जवळच तिला काम लागलंय. तेराव्या वर्षी तिला वसतिगृहात ठेवली, कारण बायकांच्या खोलीत पोरं ठेवू देत नव्हते. आठ वर्षांनी आता एका छताखाली राहू. मालकांना आल्या आल्या सांगितलं, दुसरी खाट लागेल. देतो म्हणाले. मालक गोडबोले आहेत. गोड बोलणाऱ्याकडे मी जरा तिरकंच बघते, पण खाट मिळेपर्यंत मीही गोड.

तिचा नर्सच्या कपड्यातला फोटो खाटेजवळ भिंतीला चिकटवला.

माझ्या जागी आधी जी बाई होती तिने किल्ल्या दिल्या. माझ्याच वयाची असेल, पण डोळे रिकाम्या घरासारखे. तिला न्यायला तिचा मुलगा गाडी घेऊन आला होता. बुटका, दाढीवाला, डावी भुवई मधोमध कापलेली. घोडा झालाय तरी र म्हणता येत नाही. आई, गाडी तयाल आहे, म्हणाला. तर ती त्याला म्हणते, अहो भाऊ, एवढी पेटी उचलता का? पोटच्या पोराला अहो भाऊ! तो मान खाली घालून पेटी घेऊन गेला. काहीतरी भांडण असेल. माणसं रुसतात तरी किती!

ता. ३, सोमवार

आज काम कळलं. तळघरात चोवीस पिंपं. लाकडाची, आडवी, प्रत्येकाच्या पाठीवर भोक आणि भोकाला बूच. लाकूड आतली वाइन थोडी थोडी पितं, मग वर जागा रिकामी होते, तिथं हवा बसते आणि हवेने वाइन आंबते. म्हणून दर सोमवारी बूच काढायचं, कॅनमधून काठोकाठ भरायचं, पुसायचं, लाकडी हातोडीने बूच ठोकायचं. पिंपमास्तरांनी शिकवलं. ते अर्धे बहिरे आहेत आणि उरलेले अर्धे ऐकत नाहीत. दोन नियम सांगितले. हवा राहू द्यायची नाही, आणि भरणाऱ्याने चाखायचं नाही. मी म्हटलं, माझ्या तोंडाला वाइन लागली नाही आजवर, घाबरू नका, तुमचं काही पिऊन टाकत नाही. ते म्हणाले, पिऊन टाकायची भीती नाही. मग कसली, ते सांगितलंच नाही.

नऊ नंबरची तऱ्हा वेगळी. त्यात वाइन घालायची नाही. बूच काढायचं, भोकापाशी तोंड न्यायचं, एक फुंकर घालायची, बूच ठोकायचं. मालकांच्या वडिलांपासून चालत आलंय म्हणे. तेवीस पिंपांना हवा लागू द्यायची नाही आणि एकात मुद्दाम तोंडाने घालायची! शहाण्यांचं घर आणि रोज नवा नियम.

आधीची बाई जाताना म्हणाली होती, फुंकर घालताना मनात पाढे म्हणा, घरचं काही मनात आणू नका. मला पाढा येतो तो बेचा, तोही बे पंचे दहापर्यंत. तिला एकोणतीसपर्यंत येत असतील, तिने म्हणावेत. मला फुंकर म्हटल्यावर जे आठवायचं तेच आठवलं. भिंगरी तीन वर्षांची होती. दूध उतू गेलं, मी फडकं आणायला वळले तेवढ्यात हिने पातेल्याला हात लावला. डाव्या मनगटाला चटका. ओला रुमाल ठेवून दुपारभर मांडीवर घेऊन फुंकर घालत बसले. घरभर करपलेल्या दुधाचा वास. हुंदके थांबले तरी मी आपली फुंकतेच आहे. शेवटी तिनेच विचारलं, आई, फुंकर संपली का तुझी? अजून मनगटावर डाग आहे, चिंचोक्याएवढा.

पिंपाच्या भोकात फुंकर घालताना हसू आलं. बूच ठोकलं, झालं. गुडघा ठणकतोय.

ता. ६, गुरुवार

दर गुरुवारी पाहुणे येतात वाइन चाखायला. आज आठ जण होते. माझं काम पेले धुणे आणि थुंकायची बादली ठेवणे. हो, थुंकायची. इतकी महागाची चीज तोंडात घ्यायची, चूळ भरल्यासारखी खळखळवायची आणि बादलीत टाकायची. दवाखान्यात माणसं निदान आजारी म्हणून थुंकत.

आधी बाटल्यांतली जुनी वाइन, मग पिंपातली नवी. पिंपमास्तर काचेची लांब नळी भोकात घालून वर ओढतात आणि प्रत्येकाच्या पेल्यात थोडी थोडी सोडतात. पाहुणे पेल्यात नाक खुपसतात आणि सांगतात काय काय वास आले. कुणी म्हणे जांभूळ, कुणी म्हणे ओली माती, कुणी म्हणे घोड्याचं खोगीर. मी बादली धरून उभी. माझ्या बादलीचा वास कुणी सांगितला नाही.

नऊ नंबर आला तेव्हा मात्र सगळे पुढे सरकले. एक जाड चष्मेवाले आहेत, वर्तमानपत्रात लिहितात. ते थुंकलेच नाहीत. डोळे मिटून म्हणाले, करपलेलं दूध. ओलं सुती कापड. आणि रडून रडून थकलेलं लहान मूल. मालक तळघराच्या पायरीवरून हसले. ते कधीच शेवटची पायरी उतरत नाहीत, तिथूनच बोलतात.

काय एकेकाचं डोकं! करपलेलं दूध प्यायला माणसं गाडी करून येतात. आमच्या घरी दूध कधी उतू गेलं नाही. मी समोर उभी असते.

ता. १०, सोमवार

तेवीस पिंपांत मिळून दीड कॅन गेला. नऊ नंबर काठोकाठ होतं. थेंब घातला नव्हता मी. पिंपमास्तरांना ओरडून विचारलं, ते म्हणाले, त्याचं पोट भरतं.

फुंकर घालताना आज भिंगरीला वसतिगृहात सोडलं तो दिवस आठवला. तिच्या हातात पत्र्याची पेटी. वाढता पाय म्हणून दोन नंबर मोठ्या चपला घेतल्या होत्या, पुढे वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. फटाक फटाक करत गेली आणि एकदाही मागे वळली नाही. मला वाटलं, पोरगी दगडाची आहे. मग कळलं, वळली असती तर दोघींपैकी एकही गेली नसती.

थकवा फार येतो. दवाखान्यात हजार भांडी घासून एवढा येत नव्हता. नव्याचे नऊ दिवस होते, ते संपले बहुतेक.

ता. १३, गुरुवार

आज पाहुण्यांत एक बाई नऊ नंबर चाखून रडायलाच लागली. म्हणे, नव्या चामड्याचा वास, वर्तमानपत्राचा कागद, लोखंडी पेटी, आणि कुणीतरी मागे न बघता चाललंय. चष्मेवाले भराभर लिहून घेत होते. तिला पाणी दिलं आणि मनात म्हटलं, बाई, कागदाच्या चवीला रडतेस, तुझं सगळं बरं चाललंय.

मालक खूश. मला म्हणाले, तुमची फुंकर चांगली आहे, आधीच्या बाईची शेवटी शेवटी पांचट झाली होती. फुंकरीचंही कौतुक असतं, हे नवीन ऐकलं. एकोणतीसला नऊ नंबर बाटल्यांत भरायचं ठरलंय, तोवर रोज घाला म्हणाले. वर म्हणाले, खाट आणायला सांगितली आहे. मग काय, घालते म्हटलं.

भिंगरीचा फोन आला. सामान बांधतेय. म्हणाली, आई, माझ्या त्या चपला आठवतात का, बोळे घातलेल्या? मी हो हो म्हटलं. काही आठवलं नाही. पन्नाशी आली, होतं असं.

ता. १७, सोमवार

खाट आली. भिंगरीसाठी खिडकीकडची ठेवली.

रोज फुंकर घालते. मनात जे येईल ते येतं, मी काही दारावर पहारेकरी बसवलेला नाही. एकदा तिचा जन्म आला. एकदा तिला आलेला ताप. एकदा तिचं नाव, म्हणजे पाळण्यातलं, खरं. भिंगरी नव्हे.

आता लिहायला बसले तर ते नाव येत नाहीये. जिभेवर आहे. येईल. भांडी घासून येते.

नाही आलं.

ता. २०, गुरुवार

चष्मेवाले आज पेला नाकाशी धरून म्हणाले, तापाने फणफणलेलं कपाळ. आणि मग एक नाव म्हणाले. मुलीचं नाव. म्हणाले, का कोण जाणे, ही वाइन जिभेवर आली की हे नाव घ्यावंसं वाटतं. सगळे हसले. छान नाव होतं. मी कधी ऐकलेलं नव्हतं.

संध्याकाळी गुडघ्याला तेल लावताना वही चाळली, आणि पहिल्या पानांवर थांबले.

दूध उतू गेलं, मनगटाला चटका, ओला रुमाल. अक्षर माझं. चिंचोका शब्द मीच खोडून दोनदा लिहिलाय. पण ते घडल्याचं मला ठाऊक नाही. चपलांचंही नाही. दुसऱ्या कुणाचं पत्र वाचावं तसं वाचलं. आणि तेच सगळं त्या लोकांनी तोंडात घोळवलं. मी बादली धरून उभी होते.

ता. २१, शुक्रवार

पिंपमास्तरांना गाठलं. वही नाकासमोर धरली. ते बूच तासता तासता म्हणाले, आधीची अकरा वर्षं टिकली, तिला पाढे येत होते. मी म्हटलं, मग मला आधी का नाही सांगितलंत, मेल्या? म्हणाले, सांगून कोण ऐकतं.

मालकांना सांगितलं, मी फुंकर घालणार नाही. ते पायरीवरूनच म्हणाले, लाकूड जे पितं त्याची भरपाई कुणीतरी करायचीच असते. नसेल जमत तर दुसरी बघतो, पण खोली कामाबरोबर आहे, बाई.

भिंगरीने वसतिगृहाची खोली सोडली आहे. पेटी बांधून ती मैत्रिणीकडे झोपते आहे. जाऊ कुठे? आणि मी गेले तर माझं जे गेलंय ते इथंच राहणार.

काम करणार. फुंकर घालणार नाही. कोण बघतंय?

ता. २२, शनिवार

काल फुंकर घातली नाही.

आज नऊ नंबरचं बूच काढलं तर आत पातळी वीतभर खाली. काळं पाणी खोल दिसत होतं. बघायला वाकले, आणि छातीतून श्वास गेला. मी सोडला नाही. पिंपाने ओढून नेला, लहान मूल नळीने सरबत ओढतं तसा. कशीबशी मागे झाले. पिंप काठोकाठ भरलं होतं.

काय गेलं ते कळत नाही. हीच तर गोची आहे. गेलेल्याची जागा दुखत नाही.

ता. २३, रविवार

जे उरलंय ते लिहून ठेवते. मला मुलगी आहे. भिंगरी. नर्स आहे. तीस तारखेला येणार. डाव्या मनगटावर डाग, चिंचोक्याएवढा. तिला ओळखायचं. उठल्यावर आधी हे पान वाचायचं.

ता. २५, मंगळवार

खाटेजवळ कुणा नर्सचा फोटो होता. आधीच्या बाईचा असेल म्हणून काढला. मग वही वाचली.

फोटो परत चिकटवला. ओळख पटली म्हणून नाही. वहीत लिहिलंय म्हणून.

फुंकर घालताना पाढे म्हणून बघितले. काल बे पंचे दहापर्यंत गेले. आज बे दुणे — पुढे रस्ताच नाही.

ता. २६, बुधवार

विचार करून डोकं शिणलं. पण एक साधी गोष्ट आहे, कुणीही सांगेल. डब्यात ठेवलेलं डब्यात असतं. माझं सगळं त्या पिंपात आहे. शनिवारी बाटल्यांत भरणार, बाटल्या चार दिशांना जाणार. त्याआधी मी पिणार. भरणाऱ्याने चाखायचं नाही म्हणे. का नाही ते आता कळलं. आपलं आपल्याला परत मिळू नये म्हणून.

भिंगरीचा फोन आला होता. ती आई म्हणाली आणि मी विचारलं, कोण बोलतंय? ती हसली. तिला गंमत वाटली.

ता. २८, शुक्रवार

प्यायले.

दुपारी पिंपमास्तर जेवायला गेले तेव्हा. नळी घातली, ओढली, पेला भरला. एक. मग दुसरा. आधी कडवट, मग ऊन ऊन. पोटात नाही, डोक्याच्या मागे उतरली. आणि आलं! सगळं परत आलं! तिथंच पिंपाला टेकून रडले. कसं विसरले होते मी?

माझं लेकरू जिन्यावरून पडलं तो दिवस. डावी भुवई मधोमध फाटली, रक्त थांबेना. माझं फडकं बांधून दवाखान्यापर्यंत उचलून नेलं. टाके घालताना ओरडलं नाही, फक्त म्हणालं, आई, मी तयाल आहे. र कधी आलाच नाही त्याला. शाळेत पोरं चिडवायची. आता दाढी ठेवलीय, मी म्हणते काढ, तर हसतो. बुटका राहिला बापासारखा. पण आईची पेटी उचलायला कायम पुढे.

माझा मुलगा. देवा, माझा मुलगा. एकही गोष्ट आता सुटू देणार नाही.

ता. २९, शनिवार

नऊ नंबर बाटल्यांत भरलं. दिवसभर बाटल्या पुसल्या. चारशे बारा. हात मोडले.

ही दुसरी खाट इथं कुणी आणली? भिंतीवर कुणा नर्सचा फोटो. काढला.

वहीत मागे काहीतरी लिहिलंय मुलगी येणार म्हणून. अक्षर माझ्यासारखं आहे. कुणाची वही मी उचलली कोण जाणे. मला एकच मुलगा.

त्याचा फोन का येत नाही?

ता. ३०, रविवार

सकाळी दारात एक मुलगी. हातात पत्र्याची पेटी. आई म्हणाली आणि गळ्यात पडली. बाजूला केली. म्हटलं, बाई, चुकीच्या दाराशी आलीस.

ती जात नाही. पायरीवर बसली आहे. आई, गंमत पुरे, म्हणते. मी दार लावून घेतलं. दमले आहे मी. दुसऱ्याची रडगाणी ऐकायची ताकद नाही.

एक तास झाला. अजून बसली आहे. रडते आहे. आवाज न करता.

दार उघडलं. घालवून देणार होते. तिने डावं मनगट पुढे केलं. डाग. चिंचोक्याएवढा. मला काही आठवलं नाही, शप्पथ नाही आठवलं. पण माझं तोंड आपोआप — ओठ गोल झाले — फुंकर घालायला वाकले —

फुंकर आलीच नाही. छातीत वाराच नव्हता. नुसते ओठ.

तिने मनगट तसंच पुढे धरलं. मग लहान मुलासारख्या आवाजात म्हणाली, आई, फुंकर संपली का तुझी?

हे मी कुठंतरी वाचलंय. हेच. याच वहीत. पहिल्या पानांत, सोमवारच्या — थांब पोरी, जाऊ नकोस — थांब, पान सापडू दे —